पाण्याची खूण

महाडच्या बाजारपेठेतून चालताना बाहेरगावच्या माणसाचे लक्ष दुकानांच्या पाट्यांकडे जाते. आमच्याकडचा माणूस आधी भिंतीकडे पाहतो. चुना कितीही जाड दिला तरी भिंतीतली ओल लपत नाही. एखादा जुना दुकानदार खांबावर बोट टेकवून सांगतो, "हे २००५ चं पाणी," आणि मग टाचा उचलून, हात जाईल तितका वर नेऊन म्हणतो, "आणि एकवीसचं याच्याही वर." हे सांगताना तो हसत असतो. घरी येऊन धिंगाणा घालून गेलेल्या एखाद्या द्वाड पाहुण्याच्या गोष्टी सांगाव्यात, तसा त्याचा सूर असतो.

२२ जुलै २०२१ चा तो पूर ओसरल्यावर मी महाडात गेलो होतो. करोनाचे दिवस होते. शाळा बंदच होत्या. एका विद्यार्थ्याचे घर नदीच्या अंगाला आहे, त्याची विचारपूस करावी एवढाच हेतू. घरात गुडघाभर चिखल होता आणि मुलाची आजी पदर खोचून उंबऱ्यावर उभी होती. मला पाहताच म्हणाली, "यावा मास्तर! यंदा सारवायचा तरास वाचला. सावित्रीनंच घर सारवून दिलान."

मला हसू आले आणि लगेच त्या हसण्याची लाजही वाटली. काहीतरी चांगले बोलावे म्हणून मी म्हणालो, "आजी, तुमच्या धीराचं कौतुक वाटतं." त्यावर म्हातारी म्हणाली, "कवतिक ऱ्हाऊ द्या. त्या कोपऱ्यात फावडं हाय."

त्या वाक्याने माझ्या मनात जो विचार सुरू झाला, तो अजून संपलेला नाही.

गरीब माणसाच्या हसतमुख सोशिकपणाची स्तुती करणे ही आपल्या लेखनातली एक जुनी सवय आहे. मीही माझ्या कादंबऱ्यांतून ती पुष्कळ केली आहे. काही नसताना ही माणसे हसतात, मग आपण का कुरकुरावे, असा एक सोपा धडा आपण त्यांच्याकडून घेतो आणि त्याला कृतज्ञता असे मोठे नाव देतो. परंतु शब्दाचा अर्थ नीट पाहिला तर कृतज्ञ म्हणजे केलेले जाणणारा. कोणी, केव्हा, कोणासाठी काय केले, हे ज्याला ठाऊक असते तो कृतज्ञ. आपल्या वाट्याला आले त्यात समाधान मानणे ही वेगळी गोष्ट झाली. ती चांगली असेलही, पण ती कृतज्ञता नव्हे. हा भेद मला पुस्तकातून कळला नाही. तो महाड-पोलादपूरच्या इतिहासाने आणि तेथल्या माणसांनी शिकवला.

हा मुलूख समजायचा तर आधी नदी समजली पाहिजे. सावित्री महाबळेश्वरास उगम पावते, आणि साडेचार हजार फुटांवरचे पाणी थोडक्या अंतरात पोलादपूरच्या दऱ्यांतून थेट खाडीच्या पातळीला आणून सोडते. महाडापाशी रायगडाच्या कुशीतून येणाऱ्या काळ आणि गांधारी तिला मिळतात. पुढे दासगाव, आणि मग बाणकोटची खाडी. वरून पावसाचा लोंढा आणि खालून भरतीचे पाणी यांची गाठ पडली की मध्ये सापडते ते महाड. २०२१ च्या त्या दिवशी महाबळेश्वरास चोवीस तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस पडला. एवढे पाणी जाणार कोठे? ते महाडच्या पेठेत शिरले, आणि काही ठिकाणी पहिल्या मजल्यापर्यंत चढले.

याच पाण्याने महाडला मोठेही केले. खाडीने गलबते येत, वरंध घाटाने देशावरचा माल येई. गावाबाहेरच्या गांधारपाले येथील तीसेक लेणी सांगतात की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही येथे दान देण्याइतकी ऐपत असलेली माणसे होती. शिवछत्रपतींनी राजधानीसाठी रायगड निवडला आणि १६७४ मध्ये तेथे राज्याभिषेक झाला, तेव्हा हा मुलूख स्वराज्याचे अंगण झाला. पुढे १७९६ मध्ये नाना फडणीस महाडास बसून पुण्याच्या गादीची सूत्रे हलवीत होते. १८०२ मध्ये होळकरांपुढून निघालेला दुसरा बाजीराव याच वाटेने समुद्राकडे गेला. या दोघांची नावे इतिहासात आहेत. त्यांचे सामान वाहणाऱ्या, त्यांची तरी वल्हवणाऱ्या माणसांची नावे नाहीत.

पोलादपूर तालुक्यातले उमरठ हे तान्हाजी मालुसऱ्यांचे गाव. १६७० च्या माघात सिंहगडावर ते पडले. त्यांची समाधी उमरठला आहे. 'शिवभारत' लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरातच आहे. पराक्रम करणारा आणि पराक्रम लिहिणारा असे दोघेही एकाच तालुक्याच्या मातीत विसावले आहेत. परंतु त्या रात्री दोर धरून कडा चढणाऱ्या शेकडो मावळ्यांतली किती नावे आपल्याला सांगता येतील? वर्गात मी हा प्रश्न विचारतो. दोन-तीन नावांपुढे गाडी जात नाही. मुलांचीही नाही आणि माझीही नाही.

रायगडावर हिरकणीचा बुरूज आहे. तिची आख्यायिका मराठी मुलाला दुधाबरोबरच मिळते. गडावर दूध घालायला आलेली गवळण. सांज झाली, दरवाजे बंद झाले. घरी तान्हे मूल. ती अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्या जागी बुरूज बांधून त्याला तिचे नाव दिले. ही गोष्ट कित्येक वर्षे शिकवल्यावर एकदा एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, म्हणजे तिची वाट बंदच केली ना?" मी गप्प झालो. गडाच्या रक्षणासाठी ते करणे भागच होते, आणि महाराजांनी निदान तिचे नाव राखले. पण सामान्य माणसाच्या धैर्याचे आपण पुष्कळदा असेच करतो. कौतुकाचा बुरूज बांधतो आणि त्याला ज्या वाटेने जावे लागले ती वाट विसरतो. दरवाजे एवढ्या लवकर का बंद झाले, हे विचारायचे राहून जाते.

महाडचा दरवाजा कितीतरी लोकांसाठी शतकानुशतके बंद होता. त्याची हकीकत पाण्याचीच आहे.

दासगावच्या बाजूला पलटणीतून निवृत्त झालेले पुष्कळ महार पेन्शनर राहत. त्यांतलेच एक गोपाळबाबा वलंगकर, महाडजवळच्या रावढळचे. लष्करातून परतल्यावर त्यांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढली आणि विटाळाला शास्त्राधार कोणता, असे शास्त्र्यांनाच प्रश्न विचारले. १८९५ मध्ये त्यांची महाडच्या लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसायला इतर सभासद तयार नव्हते. त्यांच्यानंतरच्या पिढीतले रामचंद्र बाबाजी मोरे. या हुशार पोराला महाडच्या इंग्रजी शाळेत जागा नाकारली गेली. त्याने रडत न बसता वर्तमानपत्राकडे तक्रार लिहून पाठवली, आणि शाळेला दार उघडावे लागले. पुढे याच मोऱ्यांच्या पुढाकाराने महाडच्या बाजारात अस्पृश्यांसाठी चहाचे एक दुकान निघाले. आज हे क्षुल्लक वाटेल. पण गवताचे भारे आणि लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन डोंगरातून उतरलेल्या माणसाला दिवसभर या गावात पाण्याचा घोट मिळत नसे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दुकानाची किंमत कळते.

१९२३ मध्ये सी. के. बोले यांनी मुंबईच्या विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत करून घेतला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव दप्तरात राहिला, आणि तळे होते तसेच राहिले. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडास कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गावोगावची माणसे खांद्यावर भाकरीचे गाठोडे घेऊन पायी आली; त्यांत मिसरूड न फुटलेली पोरे होती आणि सत्तरी गाठलेले म्हातारेही होते. सावित्रीच्या काठी, तळ्या-विहिरींच्या गावात, या मंडळींसाठी पिण्याचे पाणी चाळीस रुपयांचे विकत घ्यावे लागले. हा आकडा मी दर वर्षी फळ्यावर लिहितो. आणखी काही सांगावे लागत नाही.

दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचविले आणि सारा समुदाय शांतपणे तळ्यावर गेला. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, मग इतरांनी घेतले. थोड्याच वेळात, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली, आणि मंडपात जेवायला बसलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या माणसांवर लाठ्या पडल्या. अन्न मातीत मिसळले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. जमलेल्यांत पलटणीत बंदूक चालवून आलेले गडी होते. हुकूम मिळाला असता तर त्या सायंकाळी महाडचे चित्र निराळे झाले असते. बाबासाहेबांनी हात उचलू नका म्हणून सांगितले, आणि त्यांनी तो उचलला नाही. पुढे तळे गोमूत्र-शेणाच्या घागरींनी 'शुद्ध' करण्यात आले, आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

त्याच वर्षी डिसेंबरात लोक पुन्हा आले, आणि मार्चपेक्षा कितीतरी अधिक आले. मार खाल्लेल्या जागी नऊ महिन्यांनी पुन्हा भाकरी बांधून जायला जे लागते, त्याला सोशिकपणा म्हणणे मला अपुरे वाटते. बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघून खाडीमार्गे दासगाव बंदराला उतरले आणि तेथून महाडला पायी गेले. गावात मंडपाला कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने दिली. बाजारात माल मिळेना. धान्य बाहेरून आणावे लागले. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तो ठराव मांडला गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थांनी. तळ्यावर जाण्यास कोर्टाची मनाई होती, म्हणून त्या वेळी पाणी न घेता मिरवणूक काढून लोक परतले. मग खटला चालला तो दहा वर्षे. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, आणि पाणी कायद्याने मोकळे झाले.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. महाड परिसरातल्या कोणत्याही बौद्धवाडीत जाऊन वयस्कर माणसाजवळ बसा. तो लाठ्या मारणाऱ्यांची नावे फारशी घेणार नाही. पण चित्र्यांचे नाव घेईल, नगरपालिकेचे अध्यक्ष सुरबानाना टिपणीस पाठीशी उभे राहिले ते सांगेल, सहस्रबुद्ध्यांचे सांगेल, आणि जागा देणाऱ्या फत्तेखानाचे नाव तर ठसक्यात सांगेल. २०२७ साली त्या घटनेला शंभर वर्षे होतात. एक जमिनीचा तुकडा चार दिवसांसाठी दिला, त्याचे ऋण तीन-चार पिढ्या नावानिशी सांभाळले गेले. ज्यांच्यापाशी विसरण्याजोगे पुष्कळ होते, त्यांनी नेमके लक्षात ठेवण्याजोगे तेवढे लक्षात ठेवले. केलेले जाणणे म्हणतात ते हेच.

आणि आपण? आपण त्यांना 'सामान्य माणसे' म्हणतो, आणि या दोन शब्दांत त्यांची नावे बुडवून टाकतो.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांतून तर पिढ्यान्‌पिढ्या माणसे मुंबईला गेली. वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी पिकवून वर्ष निघत नसे. म्हणून एक भाऊ शेतावर आणि दुसरा गिरणीत अशी वाटणी झाली. गिरणगावातल्या एका खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपली आणि त्यांच्या मनीऑर्डरींनी येथली कौले चढली, देवळांचे जीर्णोद्धार झाले, शाळांच्या भिंती उभ्या राहिल्या. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला आणि बघता बघता ते सारे जगच मिटले. कित्येकजण ट्रंक उचलून गावी परतले. तरीही शिमग्याला पालखी नाचली आणि गौरी-गणपतीला बाल्यांचा नाच झालाच. त्या वर्षांच्या आठवणी निघाल्या की माणसे विनोदच सांगतात. पण त्या हसण्याखाली एक हिशेब असतो: कोणत्या वाण्याने उधारी थांबवली नाही, कोणत्या बहिणीने भावाच्या घरी तांदूळ पाठवला, कोणत्या गाववाल्याने खोलीचे भाडे मागितले नाही. हा हिशेब कोठेही लिहिलेला नसतो आणि तो चुकत नाही.

अलीकडच्या वर्षांनी या मुलुखाची परीक्षा फारच घेतली. २००५ च्या जुलैअखेर महाड तालुक्यात जुई, दासगाव, रोहन, कोंडीवते येथे दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल वाहून गेला. त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि एक मोटार, त्यांतल्या चाळीसएक माणसांसह. त्या अंधारात पुलाजवळच्या गॅरेजात काम करणाऱ्या, परप्रांतातून पोटासाठी आलेल्या एका कारागिराच्या ध्यानात आले की गाड्यांचे दिवे पुढे जाऊन एकाएकी नाहीसे होत आहेत. धावत जाऊन त्याने मागची वाहने थांबवली. २४ ऑगस्ट २०२० ला महाडात पाच मजली इमारत कोसळली आणि सोळाजण गेले. पण जवळजवळ एकोणीस तासांनी ढिगाऱ्यातून चार वर्षांचा एक मुलगा जिवंत निघाला. तेथे पोकलेन चालवणारा गडी घरी न जाता तासन्‌तास यंत्रावर बसून होता. ढिगाऱ्यात माणूस आहे म्हटल्यावर यंत्राचा पंजा किती अलगद टेकवावा लागतो, ते त्याच्याच हाताला ठाऊक.

आणि मग २२ जुलै २०२१. महाड पाण्याखाली असतानाच त्या सायंकाळी तळिये गावावर डोंगर आला. ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही घरे दरडीखाली गेली. रस्ते बुडालेले, तारा तुटलेल्या. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. तोपर्यंत जे काही उकरले गेले ते आसपासच्या माणसांनी हातांनी आणि कुदळींनी उकरले. तळियेच्या वाचलेल्या लोकांनी पुढे कंटेनरच्या तात्पुरत्या घरांत एकाहून अधिक पावसाळे काढले. पत्र्याच्या त्या खोल्यांपुढे त्यांनी तुळशी लावल्या, तेव्हा आपण त्यांच्या जिद्दीवर लेख लिहिले. तुळशीचे कौतुक जरूर करावे. पण ज्या गावाच्या डोक्यावर डोंगर आहे ते गाव पावसाळ्याआधी हलवायचे कोणी, पुलाचे दगड तपासायचे कोणी, नदीतला गाळ काढायचा कोणी, हे प्रश्न त्या कौतुकाखाली झाकले गेले तर तो पुन्हा हिरकणीचा बुरूजच झाला.

त्या दिवशी मी फावडे घेतले. शाळामास्तराच्या हाताला फावडे नीट बसत नाही, हे आजीच्या लगेच ध्यानात आले आणि तिने त्यावरही दोन शब्द ऐकवले. दुपारपर्यंत एक खोली कशीबशी मोकळी झाली. तेव्हा तिने मला स्टीलच्या तांब्यातून पाणी दिले. पूर आलेल्या गावात सर्वांत दुर्मिळ वस्तू म्हणजे प्यायचे पाणी; ते ट्रकमधून, बाहेरून आलेले होते. मी सहज विचारले, "कुठलं पाणी, आजी?"

मला वाटले होते, ती म्हणेल, आले कुठून तरी. पण तिने सारे सांगितले. घाटावरची पोरे होती. पाचजण. त्यांतला एक उंच, त्याच्या पायात खिळा गेला होता, तरी हंडे उतरवत होता. तिने त्याला हळद लावून दिली. त्याचे नाव तिने विचारून ठेवले होते, गावही विचारले होते. शेजारच्या मोहल्ल्यातून पहिल्या सकाळी खिचडीचे पातेले कोणी आणले, त्या बाईचेही नाव तिला पाठ होते. घरातले सगळे वाहून गेले होते. ही यादी मात्र कोरडी राहिली होती.

"एवढं लक्षात ठेवलंत?" मी म्हणालो.

"मंग?" म्हातारी म्हणाली. "त्यांच्याकडं कधी काय झालं तर जावं लागंल ना."

मी पाणी प्यालो. मग आम्ही दुसऱ्या खोलीकडे वळलो.